यॉन्कर्सचा खटला : घर, शाळा आणि वर्ण

माणसानें कोठें राहावें आणि त्याच्या मुलानें कोठें शिकावें, हे दोन प्रश्न वरवर पाहतां निरनिराळे दिसतात. पहिल्याचा संबंध मिळकतीशीं आणि दुसऱ्याचा बुद्धीशीं, असें मानण्याचा प्रघात आहे. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एका मध्यम आकाराच्या शहरानें हे दोन्ही प्रश्न चाळीस वर्षें अशा रीतीनें एकत्र विणले होते कीं, एक धागा ओढल्यावांचून दुसरा सुटणें शक्य नव्हतें. त्या शहराचें नांव यॉन्कर्स. तेथें १९८० सालीं दाखल झालेला खटला २००७ पर्यंत चालला. त्या खटल्यानें एका नगरपालिकेस दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर नेऊन उभें केलें, निवडून आलेल्या प्रतिनिधींवर तुरुंगाची वेळ आणली आणि एका तरुण महापौराची सारी कारकीर्द होरपळून टाकली. ज्या घरांवरून ही आग प्रथम भडकली त्यांची संख्या मात्र अवघी दोनशें होती! एवढ्याशा संख्येपायीं एवढें महाभारत कां घडावें, हें समजून घेण्यासाठीं त्या शहराची घडण प्रथम पाहिली पाहिजे.

न्यूयॉर्क शहराच्या उत्तर सीमेवर ब्राँक्स हा भाग आहे. तो संपला कीं यॉन्कर्स लागतें. पश्चिमेस हडसन नदीचें रुंद पात्र आणि तिच्या कांठापासून पूर्वेकडे चढत जाणाऱ्या टेकड्या, असें तेथील भूमीचें रूप आहे. सतराव्या शतकांत ही जमीन आद्रियान व्हॅन डर डाँक नामक एका डच गृहस्थास मिळाली. डच भाषेंत तरुण सरदारास ‘योंकहीर’ म्हणतात. त्या उपाधीचाच अपभ्रंश होऊन यॉन्कर्स हें नांव रूढ झालें. एकोणिसाव्या शतकांत नदीकांठीं कारखाने उभे राहिले. उंच इमारतींतील पाळणे सुरक्षितपणें वरखालीं नेण्याची युक्ति काढणाऱ्या एलिशा ओटिसनें आपला कारखाना १८५३ मध्यें येथेंच काढला. अलेक्झांडर स्मिथच्या गालिच्यांच्या गिरण्या हा शहराचा दुसरा आधारस्तंभ होता. या कारखान्यांच्या आसऱ्यानें आयरिश, इटालियन, पोलिश अशा नाना देशींच्या मजुरांनीं नदीलगतच्या दाट वस्तींत संसार थाटले.

पुढें ज्यांच्या गांठीं चार पैसे जमले ते टेकड्या ओलांडून पूर्वेकडे सरकले. तेथें अंगण असलेलें स्वतःचें लहानसें घर बांधणें, हें त्या पिढीच्या कष्टाचें फळ होतें. मागें राहिलेल्या नैर्ऋत्य भागांतील जुन्या घरांत नवे गरीब येऊं लागले. दक्षिणेकडील संस्थानांतून रोजगारासाठीं आलेले कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोहून आलेले स्पॅनिश-भाषी लोक त्यांत मुख्य होते. १९५४ मध्यें गालिच्यांच्या गिरण्या बंद पडल्या आणि त्या भागाची कळा अधिकच उतरली. शहराच्या मधून सॉ मिल नांवाची लहान नदी वाहते आणि तिच्या खोऱ्यांतून मोटारींचा एक प्रशस्त रस्ता जातो. हा रस्ता कालांतरानें दोन जगांमधील सीमारेषा बनला. १९८० च्या शिरगणतीच्या वेळीं शहरांतील कृष्णवर्णीय व स्पॅनिश-भाषी लोकांपैकीं सुमारे चार-पंचमांश लोक एकट्या नैर्ऋत्य भागांत एकवटलेले होते, आणि पूर्वभाग जवळजवळ संपूर्णपणें गोऱ्यांचा होता.

अशी विभागणी जगांतील कित्येक शहरांत आढळते. गरीब एका बाजूस आणि सधन दुसऱ्या बाजूस, हें केवळ अर्थशास्त्राच्या नियमानें घडतें, त्यांत कोणाचा दोष नाहीं, असा युक्तिवाद नेहमीं करण्यांत येतो. यॉन्कर्सच्या पुढाऱ्यांनींहि तोच केला. तो कितपत खरा होता, याची परीक्षा दप्तरांतील कागदांवरून झाली, आणि या इतिहासाचें सारें महत्त्व त्या परीक्षेंत आहे.

अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें १९४९ मध्यें गृहनिर्माणाचा एक मोठा कायदा केला. गरिबांस अल्प भाड्याचीं घरें बांधून देण्यासाठीं सरकार पैसा देणार होतें. मात्र घरें कोठें बांधावयाचीं हें ठरविण्यांत स्थानिक नगर-कौन्सिलची संमति आवश्यक होती. वरवर पाहतां ही तरतूद लोकशाहीस अनुसरूनच होती. यॉन्कर्समध्यें तिचा परिणाम असा झाला : एखादी जागा पूर्वेकडील वॉर्डांत सुचविण्यांत आली कीं, त्या वॉर्डांतील रहिवासी शेंकड्यांनीं सभेस येऊन गर्दी करीत, त्या वॉर्डाचा सभासद विरोध नोंदवी, आणि उद्यां आपल्या वॉर्डावर हाच प्रसंग आला तर याची मदत लागेल, या हिशेबानें इतर सभासद त्यास साथ देत. नकाशावर एकामागून एक जागा खोडल्या जात आणि शेवटीं ज्या भागाच्या वतीनें कोणी ओरडणारा नसे तो नैर्ऋत्य भाग शिल्लक राहत असे. असें एकदां नव्हे, तीन दशकें सतत घडलें. परिणामीं १९८० पर्यंत शहरांत सरकारी मदतीनें बांधलेलीं जीं हजारों घरें होतीं, त्यांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक घरें नैर्ऋत्य भागांत किंवा त्यास लागून होतीं. श्लोबोमसारख्या वसाहतींतील उंच विटांच्या इमारती एकमेकींना खेटून तेथें उभ्या राहिल्या.

पूर्वभागांत कृष्णवर्णीयांची एकच जुनी वस्ती होती. तिचें नांव रनियन हाइट्स. तेथें मध्यम स्थितींतील, स्वतःच्या घरांचीं मालक असलेलीं कुटुंबें राहत. या वस्तीस लागून होमफील्ड ही गोऱ्यांची वस्ती आहे. दोहोंच्या मध्यें चार फूट रुंदीची एक जमिनीची पट्टी राखण्यांत आली होती. त्या पट्टीमुळें रनियन हाइट्सचे रस्ते सीमेपाशीं येऊन थबकत आणि पलीकडील रस्त्यांस मिळत नसत. चार फुटांत घर बांधतां येत नाहीं, बागहि करतां येत नाहीं. त्या पट्टीचा उपयोग एवढाच कीं, इकडच्यानें तिकडे जाऊं नये. आपल्याकडे गांवकूस म्हणजे काय हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या पट्टीचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. पूर्वेकडे कुटुंबांसाठीं सरकारी मदतीचीं जीं थोडीं घरें झालीं, तीं देखील या रनियन हाइट्सच्या जवळच झालीं, ही गोष्ट बोलकी आहे.

ओटिस कारखान्याची कथाहि या संदर्भांत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. हा कारखाना शहर सोडून जाईल अशी भीति उत्पन्न झाल्यामुळें नगरपालिकेनें त्याच्या विस्तारासाठीं भोंवतालची जुनी वस्ती पाडून जमीन मोकळी करून देण्याचें ठरविलें. उठविलेल्या गरीब कुटुंबांस दुसरीकडे घरें देणें कायद्यानें भाग होतें. पूर्वेकडील जागा पुन्हां नाकारण्यांत आल्या आणि हीं कुटुंबेंहि नैर्ऋत्येतच कोंबलीं गेलीं. इतका खटाटोप करून राखलेला तो कारखाना १९८३ मध्यें बंद झाला. रोजगार गेला, त्याच्यापायीं झालेली दाटी मात्र राहिली.

आतां शाळांकडे वळूं या. यॉन्कर्सच्या शाळांत मुलांस वर्णावरून प्रवेश नाकारण्याचा कोणताहि नियम नव्हता. १९५४ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें वर्णभेदानुसार वेगळ्या शाळा ठेवणें घटनाबाह्य ठरविलें, तेव्हां त्या निकालाचा आपल्याशीं कांहीं संबंध नाहीं, असें उत्तरेकडील अनेक शहरांप्रमाणें यॉन्कर्सलाहि वाटलें. ‘ज्यानें त्यानें आपल्या घराजवळील शाळेंत जावें’ हें तेथील तत्त्व दिसण्यांत अगदीं निरुपद्रवी होतें. परंतु घर कोठें असावें हें जेथें वर्णावरून ठरतें, तेथें घराजवळची शाळा हीहि वर्णावरूनच ठरते. नैर्ऋत्येतील शाळा कृष्णवर्णीय व स्पॅनिश-भाषी मुलांनीं भरल्या आणि पूर्वेकडील शाळा गोऱ्या राहिल्या. पश्चिमेकडील इमारती जुन्या होत्या. तेथील साधनेंहि अपुरीं होतीं. त्याशिवाय, मानसिक अस्वास्थ्य असलेल्या मुलांसाठीं जे वेगळे वर्ग होते त्यांत गौरेतर मुलांची भरती प्रमाणाबाहेर होत असे. सीमा बदलून मुलें मिसळावीं अशा योजना १९७० नंतरच्या दशकांत पुढें आल्या. पण शिक्षण-मंडळानें त्या बाजूस सारल्या. या मंडळाचे सभासद लोकांनीं निवडलेले नसत. त्यांची नेमणूक महापौर करी. म्हणजे ज्या राजकारणानें घरांच्या जागा ठरविल्या, त्याचाच हात शाळांच्या सीमांवरहि होता.

नेमकें हेंच सूत्र हातीं धरून १९८० च्या डिसेंबरमध्यें मध्यवर्ती सरकारच्या न्यायखात्यानें यॉन्कर्सवर फिर्याद केली. पुढच्या वर्षीं कृष्णवर्णीयांच्या उन्नतीसाठीं १९०९ पासून झटणारी एन्. ए. ए. सी. पी. ही संस्था तींत सामील झाली. तोंवर शाळांचे खटले वेगळे आणि घरांचे खटले वेगळे चालत. शाळेच्या खटल्यांत अधिकारी म्हणत, “मुलें वेगळीं पडतात तीं घरांमुळें, त्यास आम्ही काय करणार?” घरांच्या खटल्यांत उत्तर मिळे, “लोक चांगल्या शाळा पाहून घरें घेतात. त्यास आम्ही काय करणार?” दोन्ही आरोपी एकमेकांकडे बोट दाखवून सुटत असत. एकाच खटल्यांत दोघांना एकत्र उभें केल्यामुळें ही पळवाट बंद झाली.

खटला न्यूयॉर्क येथील न्यायाधीश लेनर्ड सँड यांच्यापुढें आला. सुमारे नव्वद दिवस सुनावणी झाली. अनेक साक्षीदार तपासण्यांत आले आणि हजारों कागद पुढें मांडण्यांत आले. १९८५ च्या २० नोव्हेंबर रोजीं सँड यांनीं सहाशेंहून अधिक पृष्ठांचा निकाल दिला. त्याचा सारांश असा कीं, नैर्ऋत्य भागांतील ही दाटी योगायोगानें झालेली नाहीं. मतदारांच्या दडपणास वश होऊन नगरपालिकेनें चार दशकें जाणूनबुजून जागांची अशी निवड केली कीं, वर्णांचें विभाजन जसेंच्या तसें राहावें. प्रत्येक निर्णयामागें दुसरीं कारणें असतील. परंतु सर्व निर्णय एकाच दिशेनें झुकावे, याचा उलगडा त्या कारणांनीं होत नाहीं. लोकांची तशी इच्छा होती, ही सबब घटनेपुढें टिकत नाहीं. शाळांच्या बाबतींतहि नगरपालिका व शिक्षण-मंडळ दोघेहि दोषी ठरले.

१९८६ मध्यें उपायांचे हुकूम निघाले. शाळांसाठीं असें ठरलें कीं, कांहीं शाळा बंद कराव्या आणि विज्ञान, कला, भाषा अशा विशेष विषयांच्या शाळा काढून शहराच्या सर्व भागांतील मुलांना तिकडे ओढून घ्यावें. अशा शाळांस तिकडे ‘मॅग्नेट’ म्हणजे चुंबक-शाळा म्हणतात. त्याच वर्षीच्या सत्रापासून ही व्यवस्था फारशी दंगल न होतां सुरू झाली. घरांसाठींचा हुकूम असा होता कीं, पूर्वभागांत व इतरत्र गोऱ्यांच्या वस्त्यांत दोनशें सार्वजनिक घरें बांधावीं आणि त्यानंतर आणखी सरकारी मदतीच्या घरांची दीर्घ मुदतीची योजना आंखावी. या दुसऱ्या भागाचा आंकडा पुढें आठशें ठरला. यॉन्कर्सची वस्ती त्या वेळीं दोन लाखांच्या आंतबाहेर होती. ज्या शहरानें मुलांच्या गाड्या सहन केल्या, त्यानें घरांचें नांव काढतांच बंड पुकारलें.

याचें कारण शोधतांना विरोधकांवर अन्याय होऊं देतां कामा नये. त्यांच्यांत द्वेषानें आंधळे झालेले लोक होतेच. परंतु पुष्कळसे लोक कामगारवर्गांतून वर आलेले, ब्राँक्समधील वस्त्या डोळ्यांदेखत ढासळल्याचें पाहून इकडे आलेले होते. घर हीच त्यांची एकमेव ठेव होती आणि तिची किंमत उतरेल ही त्यांची धास्ती होती. सरकारी घरें म्हणजे श्लोबोमचे मनोरे, एवढेंच चित्र त्यांनीं पाहिलें होतें. शिवाय, वेस्टचेस्टर परगण्यांतील यॉन्कर्सहून कितीतरी श्रीमंत गांवांवर असा कोणताहि हुकूम नव्हता. प्रायश्चित्त मात्र आम्हींच घ्यावयाचें काय, हा त्यांचा सवाल अगदींच निराधार नव्हता. परंतु ज्या आईस आपलीं मुलें मोडक्या उद्वाहकाच्या आणि काळोख्या जिन्यांच्या इमारतींत वाढवावीं लागत होतीं, तिनें आणखी किती पिढ्या थांबावें, याचें उत्तर या सवालांत नव्हतें.

१९८७ च्या नोव्हेंबरांत निवडणूक झाली. दीर्घकाळ महापौर असलेले अँजेलो मार्टिनेली यांचा २८ वर्षांच्या निकोलस वासिस्को या तरुणानें पराभव केला. निकालाविरुद्ध अपील चालवूं, असें आश्वासन देऊन तो निवडून आला होता. त्याच्या हातीं सूत्रें येतां येतां वरिष्ठ न्यायालयानें अपील फेटाळलें. आतां कायद्याचा मार्ग संपला, हें त्यानें ओळखलें. १९८८ च्या जानेवारींत कौन्सिलनें ५ विरुद्ध २ मतांनीं तडजोडीस मान्यताहि दिली. परंतु लोकांचा क्षोभ पाहून सभासद फिरले. कौन्सिलच्या सभा रात्रीं उशिरापर्यंत चालत आणि आरडाओरड्यांत कोणाचें भाषण कोणास ऐकूं येत नसे. महापौरास ठार मारण्याच्या धमक्या येऊं लागल्या. हेन्री स्पॅलोन हा पूर्वाश्रमींचा पोलीस अंमलदार विरोधकांचा म्होरक्या बनला.

न्यायाधीशांनीं १ ऑगस्टची मुदत दिली : त्या दिवसापर्यंत घरांस अनुकूल असा ठराव पास करावा, अन्यथा न्यायालयाचा अवमान समजला जाईल. सात सभासदांच्या कौन्सिलनें ४ विरुद्ध ३ मतांनीं ठराव फेटाळला. स्पॅलोन, लाँगो, फेगन आणि चेमा हे ते चौघे. न्यायाधीशांनीं त्या प्रत्येकास रोज ५०० डॉलर दंड आणि पुढें तुरुंग अशी शिक्षा फर्मावली. शहराचा दंड मात्र विलक्षण होता. पहिल्या दिवशीं फक्त १०० डॉलर. आणि मग प्रत्येक दिवशीं आदल्या दिवसाच्या दुप्पट.

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरांत एक दाणा आणि पुढील प्रत्येक घरांत दुप्पट दाणे मागणाऱ्या चतुर पंडिताची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. राजास ती मागणी क्षुल्लक वाटली आणि शेवटीं त्याचीं कोठारें अपुरीं पडलीं. यॉन्कर्सच्या नशिबीं तोच हिशेब आला. आठव्या दिवसाचा दंड १२,८०० डॉलर आणि चौदाव्या दिवसाचा ८,१९,२०० डॉलर. बाविसाव्या दिवशीं एकूण रक्कम ४१ कोटी ९४ लक्ष डॉलरांच्या वर गेली असती, म्हणजे शहराच्या संबंध वर्षाच्या अंदाजपत्रकाहूनहि अधिक. मध्यंतरीं वरिष्ठ न्यायालयानें कांहीं दिवस दंडास स्थगिति दिली आणि नंतर तो रोज दहा लक्ष डॉलरांपेक्षां अधिक होऊं नये अशी मर्यादा घातली. पण दंड कायम ठेवला. सर्वोच्च न्यायालयानें सभासदांचा वैयक्तिक दंड तूर्त थांबविला. शहराचा थांबविला नाहीं. सप्टेंबरच्या आरंभीं दंड पुन्हां सुरू झाला. ग्रंथालयें व बागा बंद करण्याची आणि शेंकडों नोकरांस घरीं बसविण्याची तयारी चालली. ज्यांनीं दोनशें घरांस विरोध केला होता, त्यांच्याच शेजाऱ्यांच्या नोकऱ्या जाण्याची वेळ आली. अखेर ९ सप्टेंबर १९८८ च्या रात्रीं, रोजचा दंड दहा लक्षांस भिडत असतां, लाँगो आणि चेमा यांनीं आपलीं मतें फिरविलीं आणि ठराव ५ विरुद्ध २ मतांनीं मंजूर झाला.

कायदा जिंकला, मतपेटीनें मात्र आपला सूड उगविला. १९८९ च्या निवडणुकींत वासिस्कोस पाडून स्पॅलोन महापौर झाला. पुढच्या वर्षींच्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें ५ विरुद्ध ४ मतांनीं असाहि निर्णय दिला कीं, सभासदांवर वैयक्तिक दंड लादणें ही न्यायाधीशांच्या अधिकाराची मर्यादा ओलांडणारी गोष्ट होती. आधीं केवळ शहरास दंड करून पाहावयास हवें होतें. प्रतिनिधीनें भीतीपोटीं मत द्यावें काय, हा मुख्य न्यायाधीश रेंक्विस्ट यांचा प्रश्न होता. घटनेची अवज्ञा करण्याचें स्वातंत्र्य प्रतिनिधीस आहे काय, हा न्यायमूर्ति ब्रेनन यांचा प्रतिप्रश्न होता. लोकशाहींत हे दोन्ही प्रश्न खरे आहेत, म्हणूनच मतें इतकीं समसमान विभागलीं गेलीं. वासिस्कोस आपलें राजकीय स्थान पुन्हां मिळविणें साधलें नाहीं. १९९३ च्या ऑक्टोबरमध्यें, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षीं, त्यानें स्वतःच आपल्या जीविताचा शेवट केला. तोंपर्यंत हीं घरें उभीं राहिलीं होतीं.

घरांची रचना ऑस्कर न्यूमन या वास्तुशास्त्रज्ञाच्या सल्ल्यानें झाली. उंच इमारतींत जो जिना सर्वांचा असतो तो कोणाचाच नसतो, आणि जेथें कोणाचेंच लक्ष नाहीं तेथें गुन्हेगारी शिरते, असा त्याचा सिद्धान्त होता. म्हणून त्यानें मनोरे सोडून दुमजली घरांच्या रांगा सुचविल्या : प्रत्येक कुटुंबास स्वतःचें दार, स्वतःचें अंगण. दोनशें घरें एकत्र न ठेवतां सात निरनिराळ्या जागीं लहान लहान गटांत विभागण्यांत आलीं. इच्छुक फार असल्यामुळें चिठ्ठ्या टाकून कुटुंबें निवडलीं गेलीं. १९९२ मध्यें पहिलीं कुटुंबें राहावयास आलीं आणि पुढील काळांत सर्व घरें भरलीं. ज्या गोष्टीची भीति होती ती घडली नाहीं. पुढें झालेल्या संशोधनांत शेजारच्या घरांच्या किंमती सर्वसाधारणपणें पडल्याचें आढळलें नाहीं, आणि गोरीं कुटुंबें घाईघाईनें पळून गेल्याचेंहि दिसलें नाहीं. नव्या घरांत आलेल्या कुटुंबांस पूर्वीपेक्षां अधिक सुरक्षित वाटूं लागलें. एकेकाळीं सभांतून विरोधाचे फलक नाचविणाऱ्यांपैकीं कांहींजण नवागतांस रुळण्यास साह्य करण्यासाठीं स्वतः पुढें आले. मात्र सर्व कांहीं गोड झालें असेंहि नाहीं. शेजाऱ्यांमधील नमस्कार बहुधा नमस्कारापुरताच राहिला आणि मुलांच्या अभ्यासावरील परिणाम संमिश्र होता. भिंत पाडतां येते; पण ओसरीवर येऊन बसण्याचें निमंत्रण कोर्टाच्या हुकमानें मिळत नाहीं.

शाळांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची ठरली. मुलें मिसळलीं, परंतु काळाच्या ओघांत शाळांतील गोऱ्या मुलांचें प्रमाण घटत गेलें. तेव्हां मुलांस गाडींत घालून इकडून तिकडे नेण्यानें काय साधलें, अशी शंका १९९५ च्या सुमारास एन्. ए. ए. सी. पी. च्या स्थानिक शाखेच्या अध्यक्षानेंच उघडपणें व्यक्त केली, आणि त्याबद्दल संस्थेनें त्यास पदावरून दूर केलें. वाद आतां ‘मुलें कोठें बसावीं’ यावरून ‘जेथें बसतील तेथें त्यांस काय मिळावें’ इकडे वळला. न्यूयॉर्क संस्थानच्या सरकारवरहि जबाबदारी आली आणि २००२ मध्यें तडजोड होऊन यॉन्कर्सच्या शाळांसाठीं पांच वर्षांत सुमारे ३० कोटी डॉलर देण्याचें त्या सरकारनें मान्य केलें. २००७ मध्यें घरांचा भागहि मिटला आणि सत्तावीस वर्षांचें हें प्रकरण बंद झालें. याच परगण्यांतील श्रीमंत गांवांविषयीं यॉन्करवासी जो सवाल करीत, त्याचें अर्धेंमुर्धें उत्तर २००९ मध्यें मिळालें. दुसऱ्या एका खटल्याच्या तडजोडींत वेस्टचेस्टर परगण्यानें मुख्यतः गोऱ्यांच्या गांवांत ७५० परवडणारीं घरें सात वर्षांत उभीं करण्याचें कबूल केलें.

महाराष्ट्राच्या दृष्टीनेंहि हें स्थळ अगदींच परकें नाहीं. यॉन्कर्सपासून थोड्याच मैलांवर, त्याच हडसन नदीच्या कांठीं, कोलंबिया विद्यापीठ आहे. तेथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळांत शिकले. पुढें १९४६ मध्यें, एन्. ए. ए. सी. पी. च्या संस्थापकांपैकीं एक असलेले डॉ. डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांनीं संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनीं मागविली होती. वस्ती वेगळी आणि शाळा वेगळी, हा अन्याय दोन्ही देशांत एकमेकांस ओळखूं येण्याजोगा होता, याची ही साक्ष आहे.

यॉन्कर्सच्या इतिहासांत एखादा क्रूर कायदा सांपडत नाहीं, कीं एखादा खलपुरुष सांपडत नाहीं. तेथें आढळतो तो सभेचा कार्यवृत्तान्त : अमुक जागेचा विचार झाला, रहिवाशांनीं हरकत घेतली, प्रस्ताव मागें घेण्यांत आला. असे शेंकडों निरुपद्रवी दिसणारे कागद एकावर एक रचले गेले आणि त्यांचीच भिंत झाली. स्थानिक स्वराज्य ही लोकशाहीची पहिली शाळा होय, असें म्हणतात. त्या शाळेंत बहुमत मोजावयास सर्वच शिकतात. सभेस जे येऊं शकले नाहींत, ज्यांचें मत त्या वॉर्डांत नव्हतें कारण त्यांना तेथें राहूंच दिलें गेलें नव्हतें, त्यांची मोजदाद कशी करावी, हा तिचा कठीण धडा. तो शिकण्यास यॉन्कर्सला सत्तावीस वर्षें लागलीं, आणि त्याची फी त्या शहरानें प्रतिदिनीं दुपटीनें भरली.